फलाटावरचा आरसा

रविवारी संध्याकाळी चष्मेवाला दुकानाचं शटर ओढायचा, जिना चढून घरी जायचा, चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचा आणि फोन उघडायचा. आठवड्यातला त्याचा सगळ्यात सुखाचा वेळ तो. छोट्या रेल्वेगाड्यांचं वेड लागलेल्या लोकांचा एक ग्रुप होता. कोणी माळ्यावर रूळ मांडलेले, कोणी गॅरेजात, कोणी बायकोची बोलणी खात जेवणाच्या टेबलावर. आठवडाभरात नवं काही केलं असेल तर त्याचे फोटो रविवारी टाकायचे, असा तिथला शिरस्ता होता.

ग्रुपमध्ये चष्मेवाल्याला सगळे मास्तर म्हणत. म्हणजे स्टेशनमास्तर. त्याच्या वरच्या मजल्यावरची अख्खी खोली त्या रेल्वेने खाल्ली होती. त्यात डोंगर होता, बोगदे होते, कमानींचा पूल होता, मालधक्का होता, आणि बटण दाबलं की रूळ बदलणारे सांधे आपोआप हलत. ग्रुपमध्ये एक खरेखुरे निवृत्त गार्ड होते, सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. त्यांनी एकदा पुलाच्या फोटोखाली ‘हुबेहूब’ एवढाच शब्द लिहिला होता. तो शब्द चष्मेवाल्याने दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा दाखवला होता.

नव्या माणसाने भीत भीत फोटो टाकला की पहिलं उत्तर बहुतेक मास्तरचंच असायचं. “पुलाला खांब दिसत नाहीत. गाडी काय देवाच्या भरवशावर उभी आहे?” किंवा “झाड छान आहे. भाजी किती रुपये जुडी?” लोक हसायचे. एकाने मुलाच्या वाढदिवसाला केलेला साधा गोल रूळ टाकला, तर मास्तरने लिहिलं, “मुलगा हुशार दिसतो, वडिलांना शिकवेल.” तो माणूस त्याच दिवशी ग्रुप सोडून गेला. त्याचं मास्तरला काही वाटलं नाही. या छंदाला कातडी जाड लागते, असं तो म्हणायचा.

त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा पाट्या रंगवायचा. घरात त्याला पेंटरच म्हणत. अर्ध्या गावाच्या दुकानांवरची अक्षरं त्याच्या हातची. पण अलीकडे तो काम घेत नव्हता. मशिनवर छापलेल्या पाट्या आल्या, ब्रशला आता कोण विचारतो, असं तो सांगायचा, आणि ऐकणारा मान हलवायचा.

एकदा दोघं नवराबायको जेवायला आली असताना चष्मेवाल्याने साडूला वर नेलं. दिवे लावले, गाड्या सोडल्या. पेंटर दोन्ही हात पाठीमागे धरून खोलीभर फिरला. पुलापाशी वाकला, फलाटापाशी वाकला.

“हात लावलात तरी चालेल हो साडूभाऊ,” चष्मेवाला म्हणाला. “जपून लावा म्हणजे झालं.”

“नको. बघतोय तेच पुरे आहे,” पेंटर म्हणाला, आणि हात तसेच पाठीमागे राहिले.

चष्मेवाल्याला ते फार आवडलं. माणसाला आपली पायरी कळते, असं तो रात्री बायकोला म्हणाला. मग मोठ्या मनाने त्यानेच पेंटरला ग्रुपमध्ये घेतलं. ‘आमचे साडू. रुळांचं काही कळत नाही, पण ऐकून घेतात,’ अशी ओळखही करून दिली.

पुढे बरेच महिने पेंटर नुसता वाचत असावा. मग एका रविवारी त्याने एक फोटो टाकला.

संध्याकाळचं स्टेशन. पाऊस नुकताच पडून गेल्यासारखा फलाट ओला. कॅमेरा रुळांच्या उंचीवर ठेवलेला, त्यामुळे बोटाच्या पेराएवढी माणसं खऱ्या माणसांएवढी वाटत होती. एक बाई बाकावर बसल्या बसल्या चपलेचा बंद नीट करत होती. एक लोखंडी पेटीवाला गाडीकडे बघत उभा होता. फलाट लांबच लांब गेला होता, आणि दूर टोकाला दिव्यांचा पिवळा धूर झाला होता. वर नावाची पाटी होती आणि पाटीवरची अक्षरं अशी, की खऱ्या पाटीनेही लाजावं.

त्या रविवारी मास्तरच्या नव्या मालगाडीकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. गार्डसाहेबांनी एक परिच्छेद लिहिला. ‘मी आयुष्यभर अशा फलाटांवर उभा राहिलो. आज पुन्हा उभा राहिलो,’ असं त्यात होतं. एक शब्द मास्तरला आणि परिच्छेद साडूला.

“बहिणीचा नवरा आहे,” बायको म्हणाली. “दोन चांगले शब्द लिहा की.”

“लिहितो ना,” चष्मेवाला म्हणाला, आणि लिहिलं, “प्रयत्न चांगला. रुळांमधलं अंतर तपासा.”

कोणी हसलं नाही. उलट औषधांचं दुकान असलेल्या एकाने लिहिलं, “मास्तर, जळतंय का कुठे?” त्यावर मात्र सगळे हसले.

तेव्हापासून रविवारचा चहा कडू झाला. पेंटरचे फोटो येत राहिले. त्याच स्टेशनवर कधी पहाट, कधी धुकं. लोक शनिवारपासूनच वाट बघू लागले. चष्मेवाला गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलता बदलता मध्येच थांबायचा, आणि गिऱ्हाईक विचारायचं, “आता काय वाचू?”

ज्या दिवशी त्याला त्या फोटोंमधली गोम दिसली, त्या दिवशी तो दुकानातच होता. दुकान लांबीला कमी होतं, म्हणून डोळे तपासायचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांत टांगलेला, आणि समोर आरसा. आरशात बघितलं की अक्षरं सरळ व्हायची आणि खोली दुप्पट. सगळं आयुष्य त्याने लोकांना आरशातून लांबचं दाखवण्यात घालवली होती. फोनवर पेंटरचा नवा फोटो मोठा करून तो फलाटाच्या टोकापर्यंत गेला. टोकाशी, धुरकट दिव्यांत, अजून एक पेटीवाला उभा होता. जवळच्या पेटीवाल्याच्या उजव्या हातात पेटी, लांबच्याच्या डाव्या. टोपी तीच, उभं राहायची ढब तीच. मग बाई. तीही दोनदा.

पाटी मात्र एकदाच होती. अक्षरं उलटी दिसली की चोरी पकडली जाते, हे पाटीवाल्याला कोणी सांगायला नको. त्याने पाटी बरोबर अशा ठिकाणी लावली होती, की ती आरशात पडू नये.

चष्मेवाला खुर्चीत मागे रेलला आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला.

लगेच बोलून टाकण्याइतका तो उतावळा नव्हता. त्याने ग्रुपवर गोड लिहिलं, “साडूभाऊ, एवढं सुंदर स्टेशन. गाडी धावताना एक व्हिडिओ टाका ना.” पेंटरने लिहिलं, इंजिन दुरुस्तीला आहे. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, तर रूळ उचकटलेत. मग त्याने मेहुणीला फोन लावला.

“अगं, एकदा येतो तुमच्याकडे. ते स्टेशन डोळ्यांनी बघायचंय.”

“भाऊजी, पसारा आहे हो घरात,” धाकटी म्हणाली. “जरा आवरलं की मीच बोलावते.”

तिने काही बोलावलं नाही. बोलावणं निघालं ते वेगळंच. पेंटरच्या मानेच्या नसेचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. थोरलीने, म्हणजे चष्मेवाल्याच्या बायकोने, बहिणीसोबत जायचं ठरवलं. निघताना पेंटरने ग्रुपवर लिहिलं, काही दिवस दिसणार नाही, सांभाळून घ्या. शुभेच्छांचा नुसता पाऊस पडला. मास्तरनेही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन आला. “भाऊजी, जीव थाऱ्यावर नाहीये. गॅस बंद केला की नाही तेच आठवत नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. एवढं बघून याल?”

“हा निघालो,” चष्मेवाला म्हणाला, आणि खरंच गिऱ्हाईक बसलेलं सोडून निघाला.

गॅस बंद होता. तसं त्याने तिला फोन करून सांगितलं, तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो म्हणाला, “तू निवांत राहा.” मग त्याने मागच्या खोलीचं दार ढकललं.

टेबलावर दोन चहाचे ट्रे शेजारी शेजारी ठेवलेले. तेवढंच स्टेशन. एका कडेला कपाटाच्या दाराचा जुना आरसा उभा केलेला, मागे दोरीने बांधून. गाडी म्हणजे कॅमेऱ्याकडची एकच बाजू रंगवलेले पुठ्ठे, मागे साबणाच्या खोक्याची छापील फुलं तशीच. इंजिन डिंकाने रुळाला चिकटवलेलं. दूरचे दिवे म्हणजे बटर पेपरमागे टॉर्च. चष्मेवाल्याने तोंडावर हात धरला. हसू आवरेना.

टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीपुढे सुया, चिमटा, धाग्याची रिळं, धाकटीचा शिवणाचा डबा. दुसरीपुढे झाकणाचा कप आणि त्यात नळी, लहान पोरांना देतात तसा. एक ब्रश होता, त्याच्या दांड्याला जाड फडकं गुंडाळलेलं. भिंतीला कागद टोचलेले. प्रत्येकावर आतून बाहेर जाणारं एकच गोल वेटोळं काढायचा प्रयत्न, आणि प्रत्येक वेटोळं भूकंपात सापडल्यासारखं. कागदाच्या डोक्यावर मेंदूच्या डॉक्टरचं नाव छापलेलं होतं. त्याने टेबलाचा खण ओढला. आत माणसं होती. डोकी मोडलेली, रंगाचे ओघळ आलेली, चिमटीत चिरडली गेलेली. मूठभर तरी असतील.

चष्मेवाला डॉक्टर नव्हता, पण मूर्खही नव्हता. पाठीमागे धरलेले हात त्याला आठवले. मानेची नस, मशिनच्या पाट्या, सगळं एका क्षणात उलगडलं. पाट्या रंगवणाऱ्याचे हात कापतात, हे त्याने जगापासून लपवलं होतं. आणि ही छोटी माणसं जी उभी होती, ती तो सांगेल तशी धाकटीने घडवली होती.

तो थोडा वेळ खण उघडा ठेवून उभा राहिला. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. मग गार्डसाहेबांचा परिच्छेद आठवला. ‘आज पुन्हा उभा राहिलो.’ कशावर? ट्रेवर!

त्याने खिडकीचा पडदा सारला, उजेड नीट घेतला आणि फोटो काढले. आरशाचा, मागच्या दोरीसकट. साबणाच्या खोक्याचा. चिकटवलेल्या इंजिनाचा. मग खणाचाही. तिथेच पेंटरच्या खुर्चीत बसून त्याने ते ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या स्टेशनची पडद्यामागची बाजू.’ खणाच्या फोटोखाली वेगळं लिहिलं, ‘आणि हे प्रवासी. अपघात बहुधा स्टेशन यायच्या आधीच झाला.’

मग शेजारच्या काकूंना किल्ली परत दिली, त्यांनी विचारलं तशी ऑपरेशनची काळजी व्यक्त केली, आणि दुकानात आला.

संध्याकाळपर्यंत फोन थांबायचं नाव घेईना. हसणारे चेहरे, त्याखाली अजून हसणारे चेहरे. औषधवाल्याने लिहिलं, “या स्टेशनवर तिकीट एक काढा, प्रवासी दोन.” कोणी मोडक्या माणसांच्या फोटोवर रुग्णवाहिका चिकटवली. आपण फसलो याचा राग प्रत्येकाला आला होता, आणि तो काढायची सोय मास्तरने करून दिली होती. गार्डसाहेबांनी आपला जुना परिच्छेद पुसून टाकला. मास्तर पुन्हा मास्तर झाला. चहा गोड लागला.

बायकोचा फोन आला तेव्हा तो तिसरा कप घेत होता.

“अहो, ते काढा आधी.”

“काय काढू?”

“माहीत आहे तुम्हाला. त्याच्या उशाशी फोन आहे. तो बघतोय. सगळं बघतोय, एकेक. आम्ही काढून घेतला तर म्हणाला, राहू दे.”

“मग काय चुकीचं टाकलं मी? खोटं आहे का त्यात काही?”

“उद्या त्याचं डोकं उघडणार आहेत. डोकं. मान नाही. मलाही इथे आल्यावरच कळलं. दोनेक वर्षं भांडं उचलता येत नाहीये त्याला. तो बोलायचा आणि ही मांडायची. तिच्या हातचं होतं ते सगळं. तुम्ही तिच्या घरात गॅस बघायला गेला होतात ना?”

“तसं आधीच सांगायचं होतं. ग्रुपमध्ये लबाडी चालत नाही.”

“काढताय का?” तिने विचारलं.

“काढतो.”

तो काढायला गेलाही. पण उघडल्यावर दिसलं की अजून लोक येतायत, ग्रुपमध्ये कधी तोंड न उघडणारेही येतायत, आणि कोणी लिहिलंय, ‘मास्तरची नजर म्हणजे नजर.’ सकाळी काढू, असं म्हणून त्याने फोन उशाशी ठेवला. सकाळी काढले तोवर ते फोटो भलत्याच लोकांच्या भलत्याच ग्रुपमध्ये फिरत होते.

ऑपरेशन नीट झालं. बायको परत आली ती बऱ्याच दिवसांनी, बहिणीचं घर मार्गी लावून. चष्मेवाल्याने विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, बरा आहे. बाकी सगळी हकीकत तिने जिन्यात शेजारणीला सांगितली आणि चष्मेवाल्याने ती दाराआडून ऐकली. पेंटरला म्हणे जागं ठेवूनच डोक्यात तार घातली. डॉक्टर हळूहळू तार सरकवत होते आणि हातात पेन देऊन म्हणत होते, काढा, काहीतरी काढा. आधी नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. आणि एकदम हात थांबला. थरथर जशी कोणी बटण दाबून बंद केली. पेंटरने कागदावर एक अक्षर काढलं, पाटीवर असतं तसं ठसठशीत. सगळे टाळ्या वाजवत होते.

“मग आनंदच झाला असेल की हो,” शेजारीण म्हणाली.

“घरी आल्या आल्या त्याने ते दोन ट्रे कचऱ्यात टाकले,” बायको म्हणाली. “नव्या हातांनी. पहिलं काम ते केलं. माझी बहीण दाराशी बसून रडली. म्हणाली, माझी माणसं तरी ठेव. त्याने ती पण टाकली.”

शेजारणीने ‘अरेरे’ केलं. बायको आत आली, चष्मेवाल्याच्या अंगावरून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी लावू लागली. घरातलं कोणतंच काम ती टाळत नव्हती. ताट वेळेवर येत होतं, शर्टाला इस्त्री होत होती. फक्त तिच्या तोंडचं ‘अहो’ गेलं. हाक मारायची वेळ आली की ती समोर येऊन उभी राही.

आणि ग्रुपला रक्ताची चटक लागली होती. पेंटर तर ग्रुप सोडून गेला होता, मग दुसरं कोणी हवं. एका रविवारी मास्तरने नव्या बोगद्याचा फोटो टाकला. औषधवाल्याने लिहिलं, “मास्तर, पडद्यामागची बाजू दाखवा की.” मास्तरने हसून घेतलं. पण बाकीचे हटून बसले. त्याने शेवटी व्हिडिओ टाकला. गाडी बोगद्यात शिरते आणि मागे लाकडी फळ्यांवर, वायरींच्या जंजाळात थांबते, हे दिसलं. सगळ्यांच्याच बोगद्यांमागे तसंच असतं. तरी लोक हसले. “डोंगर पोकळ निघाला!” “तुमच्या मालगाडीत माल आहे का हो, की तेही साबणाचं खोकं?” प्रत्येक रविवारी हेच. त्याने रागावून लिहिलं तर अजून हसले. कातडी जाड लागते, असं त्याचंच वाक्य कोणीतरी त्याला ऐकवलं. एकदा गार्डसाहेबांनी विचारलं, “मास्तर, साडूंच्या घराची किल्ली परत दिलीत ना? सहज आठवलं.” त्यावर कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. त्या आठवड्यापासून त्याने फोटो टाकणं बंद केलं. वरच्या खोलीत जाणंही हळूहळू सुटलं.

मग एका सकाळी पेंटर दुकानात आला. डोक्याला टोपी, खिशात दुमडलेला जुना चष्मा, काडी मोडलेली. बोटांना निळा रंग लागलेला.

“जवळचं बघायला तयार चष्मा हवाय. आजच,” तो म्हणाला.

“या, या साडूभाऊ! बसा.” चष्मेवाल्याला स्टूल पुढे करताना काय करू नि काय नको झालं. “काम सुरू केलंत वाटतं?”

“हो.”

“फार बरं वाटलं हो. मनापासून सांगतो.”

पेंटरने टोपी काढली. केस अजून नीट वाढले नव्हते. कानामागे चष्म्याची काडी बसवताना चष्मेवाल्याच्या बोटांना कातडीखाली टणक उंचवटा लागला, आणि तिथून खाली मानेकडे गेलेली तार. त्याने हात मागे घेतला.

“दुखतं का?”

“नाही. ही घट्ट होते, दुसरी फ्रेम दाखवा.”

चष्मेवाल्याने दुसरी काढली. तीही बसवली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. असा मोका पुन्हा येणार नाही, हे त्याला कळत होतं. “ते त्या वेळचं... ग्रुपवरचं... मला कल्पना नव्हती हो, एवढं होईल असं. गंमत म्हणून...”

पेंटरने समोरचा छापील कागद हातात धरून वाचला, जवळ आणला, थोडा लांब नेला. कागद हातात दगडासारखा स्थिर होता.

“हा ठीक आहे,” तो म्हणाला. “किती झाले?”

“अहो, पैसे कसले? घरच्या माणसाकडून कोणी घेतं का?”

पेंटरने मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. राग नव्हता चेहऱ्यावर. ओळखीचं कोणी दिसतंय का असं बघावं तसं बघितलं, आणि नोटा काउंटरवर ठेवल्या. “पावती द्या,” म्हणाला.

चष्मेवाल्याने पावती लिहिली. त्याने ती घडी करून खिशात घातली, टोपी चढवली आणि गेला.

दुपारी जेवायला वर गेल्यावर चष्मेवाल्याने ताटावर बसता बसता मोठ्या आवाजात सांगितलं, “आज साडूभाऊ आले होते. आपल्या दुकानात.”

बायको वाढत होती.

“झालं गेलं विसरलेत ते. बराच वेळ बसले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, चष्मा घ्यायचा तर तुमच्याकडूनच.”

बायको समोर येऊन उभी राहिली.

“धाकटीचा फोन आला होता,” ती म्हणाली. “पलीकडच्या गल्लीतलं चष्म्याचं दुकान बंद होतं आज. म्हणून आला.”

पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवून ती आत निघून गेली.